लोखंडाला काय आठवतं

पूल पडल्यावर आमच्या गावानं पहिलं काम काय केलं असेल, तर मोबाईलमधले व्हिडिओ उडवले.

नदीतनं माणसं काढायचं काम अजून चाललेलं. आणि इकडं दुकानाच्या फळीवर, दूध डेअरीपुढं, गोठ्यात, जो तो मान खाली घालून अंगठा चालवत बसलेला. मला वाटलं बातम्या बघतायत. एकाच्या मागं जाऊन उभी राहिले, तर तो डिलीट करत होता. गुलालानं लाल झालेला ट्रॅक्टर, त्याच्यामागं उसानं फुटायला आलेल्या दोन ट्रॉल्या, आणि पुढं पुलावर नाचणारं अख्खं गाव. मला बघितल्यावर त्यानं फोन उलटा ठेवला.

"काय उडवतोस?" म्हणलं.

"मेमरी फुल झालीया," म्हणला.

तो ट्रॅक्टर माझ्या दादाचा. संग्राम मगदूम. 

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर खोटं वाटेल. आमच्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की एका खेपेला दोन ट्रॉल्यांत सगळ्यात जास्त ऊस कोण नेतो याची चुरस लागते. ट्रॉलीच्या वर ट्रॉलीएवढा ऊस रचायचा. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलायला लागली की बॉनेटवर माणसं बसवायची. वजनकाट्यावर विक्रम झाला की कारखान्यावर फेटा, गावात हलगी, बॅनरवर फोटो. मागच्या हंगामात विक्रम दादाचा झाला. वारळी नदीच्या पुलावरनं ट्रॅक्टर चालला तेव्हा पुढं गाव नाचत होतं, आणि बरोबर मध्यावर गाडी थांबवून सगळ्यांनी फोटो काढले, कारण तिथं मागं नदी चांगली दिसते.

पुलाच्या तोंडाला पाटी होती, जड वाहनांना बंदी. पाटीच्या पुढं लोखंडी कमान. ट्रक कमानीला अडायचा. ट्रॅक्टर ठेंगणा, ट्रॉलीवरचा ऊस कमानीला घासत का होईना, खालनं जायचा. उंच ते जड आणि बुटकं ते हलकं, असं कमान लावणाऱ्याला वाटलं असेल. आम्हाला पण तसंच वाटायचं. कमानीखालनं जातंय म्हणजे चालतंय.

मग पावसाळा संपला आणि एका सकाळी बॅटरीवरची कॉलेजची बुटकी बस पुलासकट नदीत गेली. बस अर्धी रिकामी होती. रोज जायची तीच बस, रोजच्याच वेळेला.

त्यात रेवती होती. आमच्या शेजारच्या कुसुमकाकूची. नववीपर्यंत आम्ही एका बाकावर. मग माझं गणिताच्या सरांशी वाजलं आणि मी दप्तर उचलून घरी आले ती परत गेले नाही. रेवती शिकत राहिली, म्हणून बसमध्ये होती. मी नव्हते. याचा कुणी अर्थ लावायला लागलं की माझं डोकं फिरतं.

तेव्हापासनं कुसुमकाकू आमच्याशी बोलत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसतं दार लोटून घ्यायची.

*

यंत्राचं पहिल्यांदा कळलं ते ग्रामसभेत. पुण्यावरनं डॉ. इरा केळशीकर म्हणून एक बाई आल्या होत्या. केस बारीक कापलेले, पायात गमबूट, कारण त्या आधी नदीत उतरून मग सभेला आल्या होत्या. गावाला हे पण खटकलं. एवढी मोठी बाई चिखलात कशाला गेली, काय शोधत होती.

"लोखंड आतनं एकसारखं नसतं," त्या म्हणाल्या. "त्यात बारीक बारीक वस्त्या असतात, कोट्यवधी. एकेक वस्ती म्हणजे एकेक छोटं लोहचुंबक. कुणाचं तोंड इकडं, कुणाचं तिकडं. पुलावर वजन आलं की ही तोंडं थोडी फिरतात, वजन गेलं की परत येतात. रोज हेच चालतं. पण एखाद्या दिवशी आधी कधीच आलं नव्हतं एवढं वजन येतं. त्या दिवशी काही वस्त्या फिरतात त्या फिरलेल्याच राहतात."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग ती खूण असते. आमच्या यंत्रात हिऱ्याच्या कणांचे सेन्सर आहेत. लोखंडातनं बाहेर झिरपणारं अगदी कणभर चुंबकत्वही ते टिपतात. कुठली खूण आधीची, कुठली नंतरची, हे थर लावून सांगता येतं. लोखंडाला सायकल आठवत नाही, बस आठवत नाही. आधीच्यापेक्षा जास्त झालेलं वजन तेवढं आठवतं."

म्हणजे लोखंड फक्त विक्रम लक्षात ठेवतं. हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं असणार, कारण सगळ्या माना एकाच वेळी वळल्या. दादा खांबाला टेकून उभा होता. तो खाली बघत राहिला.

"म्हणजे कुणाच्या गाडीनं पूल पडला ते हे यंत्र सांगणार," सरपंच म्हणाले. ते दादाच्या बॅनरवर हात जोडून उभे होते, त्याच्यापेक्षा मोठ्या फोटोत.

"गाडीचा नंबर सांगत नाही. किती वजन, आणि कुठल्या क्रमानं, एवढं सांगतं. पुढचं तुम्हाला माहीत असेल."

आम्हाला काहीच माहीत नव्हतं. कुणाच्या फोनमध्ये काही उरलंच नव्हतं.

*

नदीतनं काढलेलं लोखंड यासीनचाचांच्या भंगारच्या अड्ड्यात आणून ठेवलं होतं, कारण पंचक्रोशीत कंपाउंड आणि क्रेन तिथंच. आणि ती क्रेन मी चालवते. शाळा सोडल्यावर चाचांनी आधी पत्रे वेगळे करायला बसवलं, मग एक दिवस त्यांचा ड्रायव्हर पळून गेला, आणि मी केबिनमध्ये चढले. क्रेनच्या टोकाला गोल चुंबक. आम्ही त्याला तवा म्हणतो. करंट सोडला की मोटारीचं इंजिन उचलतो, करंट काढला की टाकतो.

पुलाच्या लांब लोखंडी तुळया, म्हणजे गर्डर, आणले तेव्हा केळशीकर मॅडमनी स्वतः फोन करून चाचांना बजावलं होतं. तवा लावायचा नाही, पट्ट्यानं उचला. तवा नुसता वरनं फिरला तरी लोखंडाच्या आतल्या सगळ्या वस्त्या एका दिशेला तोंड करून बसतील. आधीचं सगळं गेलं.

यंत्र राज्यात एकच. ते यायला आठवडा होता. तोवर मॅडम गर्डरवर खडूनं चौकोन आखत होत्या. सरकारी सीलची फीत दोन्ही टोकांना गुंडाळलेली. पुलाच्या दुरुस्तीचं काम ज्या ठेकेदारानं घेतलं होतं त्याचा माणूस, झेंडे, रोज येऊन उभा राहायचा. पांढरा शर्ट, इस्त्री अशी की बसला तरी मोडत नाही. दुरुस्ती म्हणजे काय, तर पुलाला पिवळा रंग मारलेला, दोन्ही टोकांना सिमेंट ओतलेलं, आणि फीत कापलेली.

मी मॅडमना विचारलं, "वजन सोडून आणि काय आठवतं ह्याला?"

"ऊन," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात लोखंड लांब होतं. म्हणून गर्डरच्या टोकाखाली रोलर असतात, त्यावर ते सरकतं. सरकायला जागा मिळाली नाही तर स्वतःलाच दाबत बसतं. दर उन्हाळ्यात जास्त. वजनाची खूण मध्यावर उमटते, उन्हाची टोकाला, आणि दिशा वेगळी. म्हणून मला टोकं फार महत्त्वाची आहेत."

मी मॅडमकडं बघत नव्हते. मी झेंडेकडं बघत होते. तो चहा पीत होता. टोकं म्हणल्यावर त्यानं कप ओठापासनं काढला आणि प्यायचा विसरला.

दुसऱ्या दिवशी मॅडम पुण्याला गेल्या. झेंडे क्रेनखाली आला.

"खाली उतर की जरा. तू संग्रामची बहीण ना? काय नाव तुझं?"

"प्रणोती. वरनंच ऐकू येतंय, बोला."

"तुझ्या भावाचं वाईट वाटतं मला. चांगला पोरगा. गावानंच त्याला डोक्यावर घेतला आणि आता गावच त्याला नदीत ढकलणार." त्यानं वर तव्याकडं बघितलं. "एवढं मोठं मशीन चालवतेस. चूक होते की माणसाकडनं. त्यात तू शिकलेली नाहीस. कोण काय म्हणणार तुला?"

"शिकलेली न्हाई म्हणून तवा काय डोळे मिटून चालवते काय मी?"

"रागवू नको. मी भावाचा विचार कर म्हणतोय."

तो गेल्यावर मी किती वेळ केबिनमध्ये तशीच बसले. ठेकेदाराच्या माणसाला दादाचा एवढा कळवळा कशाला? आमचं त्याचं नातं ना गोतं. दादाचं नाव आलं तर उलट ठेकेदार सुटतोय. मग पुसायची घाई ह्याला का?

उत्तर मला कळत होतं: त्यांच्या सिमेंटनं टोकाखालचे रोलर जाम झाले असणार. पण त्या उत्तरानं दादा सुटत नव्हता. यंत्रानं वाचलं तर दोघांचं वाचलं जाणार होतं, पुसलं तर दोघांचं पुसलं जाणार होतं.

*

घरी आई भाकरी थापत होती आणि दादा ताटापुढं नुसता बसला होता. पूल पडल्यापासनं त्यानं ट्रॅक्टरला चावी लावली नव्हती. कोंबड्या ट्रॅक्टरच्या सीटवर बसायला लागल्या होत्या.

"क्रेनवर तूच असतीस ना दिवसभर?" तो म्हणला.

"रोज असते. आज नवीन काय त्यात?"

"काय न्हाई." भाकरीचा तुकडा मोडून परत ताटात ठेवला. "एवढं मोठं मशीन. चूक होते की माणसाकडनं."

तेच शब्द, तसेच, आणि 'होते की' म्हणताना तशीच मान तिरकी.

"झेंडे भेटला व्हय तुला?"

"कोण झेंडे?"

"दादा, मी काय कुक्कुलं बाळ हाय?"

"भेटला. मग?" तो उठलाच. "गावातला एक माणूस बोलत न्हाई माझ्याशी. त्यो एकटा बोलला. तुला काय जातंय बोलायला? तुझं नाव न्हाई येणार. मला धरून नेतील. सतरा पोरांचा खुनी म्हणून फोटो येईल माझा. आईनं कुठं तोंड दाखवायचं?"

"तुझ्यामुळं पडला का?"

"मला काय ठाऊक? मी ऊस भरला. सगळेच भरतात."

"मग ते ठाऊक करून घ्यायलाच यंत्र आणलंय ना."

"तुला भाऊ नको झालाय," दादा म्हणला, अगदी हळू. आणि बाहेर गेला.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती. "त्याला जेवायला बोलव," म्हणाली. तिला काय वाटतं ते मला विचारायचं होतं, पण भीती वाटली की ती सांगेल.

*

शुक्रवारी दुपारी यासीनचाचा नमाजाला गेले. वॉचमन झाडाखाली लवंडलेला. अड्ड्यात मी, क्रेन आणि खडूच्या चौकोनांनी भरलेला गर्डर.

मी इंजिन सुरू केलं. 

खोटं कशाला लिहू, मी तवा फिरवून बरोबर मध्यावर आणला. हात करंटच्या दांड्यावर होता. पाच सेकंदांचं काम. दादा परत ट्रॅक्टरवरच्या कोंबड्या हाकलेल, जेवेल. झेंडेचा मालक पण मजेत जगेल आणि पुढच्या पुलाला पिवळा रंग मारेल, पण तो तर तसाही मारणारच. माझ्या डोक्यात हेच चाललेलं.

आणि फाटकातनं कुसुमकाकू आत आली.

डोक्यावर पदर, पायात रेवतीच्या चपला. त्या मी ओळखल्या. ती सरळ गर्डरपाशी आली. वर तवा लोंबतोय, त्याच्या खाली. मी घाईनं इंजिन बंद केलं आणि उतरले.

"काकू, तिथं नको. डोक्यावर पडंल काहीतरी."

"मधला भाग कुठला गं ह्यातला?"

इतक्या दिवसांनी मी तिचा आवाज ऐकत होते. मी बोटानं दाखवलं. तिनं तिथं तळवा ठेवला. लोखंड उन्हानं तापलेलं होतं, तरी काढला नाही.

"संग्रामच्या मिरवणुकीचा व्हिडिओ हाय का गं तुझ्याकडं?"

मी सावध झाले. एवढे दिवस बोलली नाही आणि आता पुरावा मागतेय. "कशाला?"

"ती नाचत हुती त्यात. हिरव्या ड्रेसात. घरोघर जाऊन मागितला मी. सगळे म्हणतात उडाला." ती माझ्याकडं बघत नव्हती. "मला कुणाला धरून द्यायचं न्हाई, पनू. मला नाचताना बघायचीय."

"मी बॉनेटवर बसलेले, काकू. पुढचं उचलू नये म्हणून. माझे दोन्ही हात गुतलेले. मी काढलाच न्हाई."

"व्हय. तू बॉनेटवर हुतीस. ती तुला चिडवत हुती." तिचा तळवा अजून लोखंडावरच होता. "त्या बाई म्हणल्या, ह्याला आठवतं म्हणून. मग ती असंल का ह्यात? ती पण मध्यावरच नाचली की."

लोखंडाला सायकल आठवत नाही, बस आठवत नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. सडपातळ पोरगी त्याला काय आठवणार? पण त्या दिवशीच्या वजनात तिचं पण होतं, माझं पण होतं. आम्ही सगळे मिळून तो आकडा होतो.

"असंल," म्हणले.

ती गेली. मी तवा फिरवून लांब कोपऱ्यात नेला, जमिनीवर टेकवला, केबिनला कुलूप घातलं आणि चावी खिशात ठेवली. चाचा आल्यावर म्हणले, चावी माझ्याकडंच राहू दे.

"का? माझ्यावर भरवसा नाय?" चाचा हसत म्हणाले.

"न्हाई," म्हणले. ते हसायचे थांबले.

*

यंत्र आलं ते एका टेम्पोत मावेल एवढंच होतं. रुळावरनं सरकणारी काळी पेटी आणि एक मोठा पडदा. अख्खं गाव अड्ड्यात. सरपंच खुर्चीवर, झेंडे त्यांच्या मागं, दादा एकटाच पत्र्याच्या ढिगाजवळ. त्याच्या दोन्ही बाजूला जागा सुटलेली, कुणी जवळ उभं राहीना.

पेटी मध्यावरनं सरकायला लागली. पडद्यावर पायऱ्या दिसायला लागल्या. मॅडम एकेक दाखवत होत्या. ही जुनी, पूल नवा असतानाची. ही त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. ह्या अलीकडच्या, दर हंगामात एक, आधीच्यापेक्षा उंच. आधीचे विक्रम. ज्यांचे होते ते गर्दीत आपापल्या जागी खाली बघायला लागले. मग शेवटची पायरी आली. बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी उंच.

मग दादाचा आवाज आला.

"ती माझी हाय."

लोकांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मला वाटलं आता त्याच्यावर धावून जातील. पण मॅडमनी हात वर केला. "थांबा. हे वजन वाईट आहे, पण गर्डर मध्यावर तुटलेला नाही. टोकाजवळ तुटलाय. टोक बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही."

सीलची फीत काढली. पेटी टोकाकडं सरकली. आणि पडद्यावरची रेघ सपाट झाली. 

मॅडमनी पेटी मागं घेतली, परत नेली. सपाट. त्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथंही सपाट.

"इथं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "भट्टीतनं आलेल्या नव्या लोखंडातही एवढी शांतता नसते. हे कुणीतरी पुसलंय."

"क्रेन कोण चालवतं इथं?" झेंडेनं विचारलं. अगदी सहज, जसं माहीतच नाही.

सगळ्या माना माझ्याकडं. मला आता ह्या माना वळायचा आवाजच ओळखीचा झालाय. एक बाई म्हणाली, "भावासाठी केलं असंल, बहीण हाय शेवटी." दुसरा म्हणाला, "शाळेतनं हाकलली तेव्हाच कळलं हुतं." मला हाकलली नव्हती, मी सोडली होती, पण ते भांडण नंतर करायचं ठरवून मी टोकाकडं गेले आणि उकिडवी बसले.

पिवळ्या रंगावर गोल वळसे घासलेले. एकाला लागून एक, दोर गुंडाळावा तसे. वळशांत काळं रबर चिकटलेलं. आधी हे नव्हतं. मॅडम खडू मारत होत्या तेव्हा मी रोज हे टोक बघत होते.

"मॅडम, तवा न्हाई लावलेला. केबल गुंडाळलीय. वेल्डिंगची."

मॅडम बसल्या, बोटानं रबर खरवडलं. "बरोबर. केबलचे वेढे घालून करंट उलटसुलट सोडला, हळूहळू कमी करत नेला, की सगळं पुसतं. आम्हीही यंत्र तपासताना असंच करतो." त्या उभ्या राहिल्या. "हे माहीत असलेल्या माणसानं केलंय."

मी यासीनचाचांकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरलेला. "रविवारी दोघं आले," ते म्हणाले. "सील बदलायचंय म्हणले. साहेबांनी पाठवलंय म्हणले. फाटकाची चावी मी दिली."

"कुठल्या सायबांनी?"

चाचांनी नजर फाटकाकडं वळवली. खरंच ठाऊक नव्हतं का, ते मला आजही सांगता येणार नाही.

"कुणी का असेना," झेंडे म्हणाला. "मगदुमांचा पोरगा स्वतः कबूल झालाय. विषय संपला."

आता माझा तोल गेला, पण आवाज वर गेला नाही. मलाच नवल वाटलं. "माझ्या भावाचं होतं ते मध्ये होतं. ते जसंच्या तसं हाय, सगळ्यांनी बघितलं. मला त्याला वाचवायचं असतं तर मी मधला भाग पुसला असता. टोकं पुसून आम्हाला काय मिळालं?"

पुढचा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर उमटताना मला दिसला. मग मिळालं कुणाला? एकेकानं गर्डरच्या टोकाला सुकलेलं सिमेंट बघितलं, मग पिवळा रंग, मग पांढरा शर्ट. सरपंचांनी आपली खुर्ची जरा पुढं सरकवून घेतली, झेंडेपासनं लांब.

झेंडे हसला. "टोकात काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. पडदा सपाट आहे." आणि गाडीकडं चालत गेला.

इतका वेळ कुसुमकाकू मागं उभी होती. ती पुढं आली. "बाई, पूल कशानं पडला?"

"अर्धं उत्तर तुम्ही पाहिलंत," मॅडम म्हणाल्या. "उरलेलं पुसलं."

"मग उरलेलं दुसरीकडं न्हाई का कुठं?"

मॅडम थांबल्या. नदीच्या दिशेला बघायला लागल्या. पुलाचा पलीकडचा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला तुकडा, पडला नव्हता. तसाच काठावर उभा होता. त्याच वर्षी तोच रंग मारलेला, टोकाला तेच सिमेंट, त्यानं तेच उन्हाळे काढलेले. "त्याचं टोक वाचता येईल," त्या म्हणाल्या. "पण यंत्र वर चढवायला मचाण लागेल, परवानगी लागेल. दोन-तीन दिवस तरी."

दोन-तीन दिवसांत केबलचे किती वेढे घालता येतात, हे आता पोरासोरांना पण कळत होतं.

*

कुणी ठरवलं नाही. दिवस कलायच्या आत सगळं गाव पुलाच्या त्या उरलेल्या गाळ्याखाली येऊन बसलं. एकजूट वगैरे काही नव्हती. वरच्या आळीला वाटत होतं खालची आळी फितूर होईल, खालच्या आळीला वरच्याचा संशय. सरपंचांनी माणसं पाठवली म्हणून विरोधकांनी दुप्पट पाठवली. मोबाईलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं असं कुणीतरी म्हणलं, म्हणून सगळे फोन लांब एका टोपलीत जमा केले, आणि त्या टोपलीच्या राखणीला पण दोघं बसवले. डेअरीच्या सेक्रेटरीच्या बायकोच्या पर्सला चुंबकाचं बटण निघालं. तिला घरी पाठवली. ती शिव्या देत गेली. मॅडम म्हणत होत्या, एवढ्यानं काही होत नाही. त्यांचं कुणी ऐकलं नाही. काही जण तर मॅडमवरच नजर ठेवून होते.

कुणाचा कुणावर काडीचा भरवसा नव्हता, म्हणून कुणीच उठत नव्हतं.

दादा सगळ्यात शेवटी आला. चालत. त्याला बघून बोलणी थांबली. बसायला गेला तिथले लोक सरकले, पण जागा द्यायला नाही. मग तो लांब पाण्याजवळ एका धोंड्यावर बसला, गावाकडं पाठ करून. मी उठून त्याच्याकडं निघाले.

"संग्राम," मागनं हाक आली.

कुसुमकाकू खांबाला टेकून बसली होती. हाकेत माया नव्हती, राग पण नव्हता.

"तिथं नको. हिकडं ये, माझ्यापुढं बस. मला तू दिसला पायजेस."

दादा उठला. सगळ्यांच्या मधनं वाट काढत आला, आणि तिच्यापुढं, तिच्याकडं तोंड करून, खाली मातीत बसला.